बीमर स्लाइडजुळणीतील दोषशोधन
व्याख्यानाच्या वेळी प्रक्षेपकाने पडद्यावर दाखवावयाची पाने, म्हणजे स्लाइड, टेक् या संगणकीय अक्षरजुळणी-प्रणालीने तयार करताना तिचे काम चुकीमुळे मध्येच थांबते. अशा वेळी चुकीचे मूळ स्थान हुडकून ती दुरुस्त करण्यास येथे दोषशोधन म्हटले आहे. या प्रणालीत लेखक पान प्रत्यक्ष रचीत नाही. मजकूर व त्यात पेरलेल्या आज्ञा तो साध्या संहितेत लिहितो आणि संगणक ती संहिता क्रमाने वाचून पाने जुळवितो. चूक एका ओळीत व तिची वर्दी दुसऱ्याच ओळीत, ही यातील नित्याची अडचण होय. स्लाइडांच्या बाबतीत ती इतकी का वाढली, याचे उत्तर या साधनांच्या इतिहासात सापडते.

अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ डॉनल्ड क्नूथ (१९३८– ) यांच्या ‘द आर्ट ऑफ कंप्यूटर प्रोग्रॅमिंग’ या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती निघावयाची होती. तिची प्रकाशजुळणीने तयार केलेली मुद्रिते १९७७ मध्ये त्यांच्या हाती आली. आधीच्या आवृत्तीतील धातूच्या खिळ्यांच्या छपाईपुढे ती त्यांना निकृष्ट वाटली आणि त्यांनी स्वतःच जुळणीची आज्ञावली रचावयास घेतली. १९७८ मध्ये टेक् वापरात आली. पुढे १९८२ च्या सुमारास ती संपूर्ण नव्याने लिहिण्यात आली.

चूक होणारच, हे क्नूथ यांनी आरंभापासून गृहीत धरले होते. चूक आढळताच टेक् उद्‌गारचिन्हाने सुरू होणारा संदेश देते, ओळीचा क्रमांक सांगते आणि ती ओळ जेथवर वाचून झाली तेथे तोडून दोन ओळींत दाखविते. लेखकाला तेथल्या तेथे साहाय्य मागता येते, गाळलेली आज्ञा घालता येते किंवा पुढील चिन्हे वगळता येतात. संगणकाचा वेळ महाग असलेल्या काळात सारे काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागू नये, हा त्यातील हेतू. त्यांच्या ‘द टेक्‌बुक’ (१९८४) या ग्रंथातील २७ वे प्रकरण चुकांतून सावरण्याविषयीच आहे.

याहून महत्त्वाची योजना परिच्छेदाची. मॅक्रोला, म्हणजे अनेक आज्ञांच्या एकत्रित रूपाला, पुरवावयाचा मजकूर महिरपी कंसांत देतात. शेवटचा कंस राहिला, तर टेक् पुढचे सारे लेखन त्याच मजकुराचा भाग समजून गिळीत जाईल. म्हणून विशेष सूट दिलेली नसल्यास असा मजकूर परिच्छेदाची सीमा ओलांडू शकत नाही, असा नियम आहे. रिकामी ओळ येताच चूक पकडली जाते व नुकसान एका परिच्छेदापुरते राहते. स्वतःच्या चुकांबाबतही क्नूथ असेच चोख होते. टेक् लिहिताना झालेल्या चुकांची नोंदवही त्यांनी ठेवली, १५ प्रकारांत त्यांचे वर्गीकरण केले आणि १९८९ मध्ये त्यावर लेख प्रसिद्ध केला. टेक्‌मधील दोष दाखविणाऱ्यास ते आधी २·५६ डॉलर देत. ही रक्कम दरवर्षी दुप्पट होत अखेर ३२७·६८ डॉलरवर स्थिरावली.

लेस्ली लँपोर्ट (१९४१– ) यांनी टेक्‌वर लाटेक् हा मॅक्रोसंच उभारला. त्याची पुस्तिका १९८६ मध्ये निघाली. स्लाइडांसाठी त्यांनी स्लिटेक् ही वेगळी शाखा केली होती. तीत प्रत्येक रंगाची पारदर्शिका निराळी छापून त्या एकावर एक ठेवीत. इतर रंगांचा मजकूर अदृश्य अक्षरांनी जुळविला जाई, म्हणजे जागा तंतोतंत जमे. १९९४ च्या लाटेक्‌मध्ये ही शाखा मूळ प्रवाहात आली. संगणकाला थेट जोडलेले प्रक्षेपक आल्यावर पारदर्शिका मागे पडल्या व पडद्यावर एकेक मुद्दा उलगडत दाखविण्याची सोय हवीशी झाली.

ती बीमरने पुरविली. जर्मन भाषेत प्रक्षेपकास बीमर म्हणतात. टिल टांटाऊ यांनी फेब्रुवारी २००३ मध्ये आपल्या पीएच्.डी. प्रबंधाच्या मौखिक परीक्षेसाठी त्याचे पहिले रूप तयार केले आणि सहकाऱ्यांच्या आग्रहावरून महिन्याभरात ते सार्वजनिक केले. बीमरमध्ये एका ‘फ्रेम’मधून अनेक स्लाइड निघतात. त्यासाठी फ्रेममधील मजकूर आधी सबंध गोळा करून ठेवावा लागतो व मग तो पुनःपुन्हा जुळविला जातो. सोय मोठी, पण बहुतेक विचित्र दोष येथूनच उगवतात. फ्रेममध्ये रिकाम्या ओळी असणारच, म्हणून परिच्छेदाची ती सीमा येथे उठवावी लागली. परिणामी तिसऱ्या फ्रेममध्ये एक कंस मिटवावयाचा राहिला, तर फ्रेमचा शेवट ओळखलाच जात नाही, पुढील सर्व फ्रेमा गिळल्या जातात आणि फाइल संपली तरी मजकूर गोळा होतच होता, असा संदेश अगदी अखेरीस येतो. कंस जुळलेले असून आज्ञेचे नाव चुकले, तर संदेशातील ओळ फ्रेमच्या शेवटाची असते, शिवाय तोच संदेश प्रत्येक स्लाइडमागे एकदा मिळतो.

दुसरा प्रसिद्ध दोष आज्ञावलीचा उतारा जसाच्या तसा दाखविताना येतो. टेक् प्रत्येक चिन्हाला वाचतानाच १६ वर्गांपैकी एक वर्ग देते. जसाच्या तसा उतारा छापणारी आज्ञा हे वर्ग बदलते. परंतु मजकूर आधीच गोळा झाल्याने ते ठरून गेलेले असतात. त्यासाठी फ्रेमला ‘फ्रॅजाइल’ हा पर्याय देतात. मग बीमर मजकूर वेगळ्या फाइलीत लिहून पुन्हा वाचते. मात्र फ्रेम संपविणारी आज्ञा स्वतंत्र ओळीवर लागते, आणि संदेशातील क्रमांक त्या दुय्यम फाइलीचा असतो, हे नवख्याच्या ध्यानी येत नाही.

व्यवहारात पहिला संदेश तेवढा विश्वासार्ह मानावा. पुढचे बहुधा त्याचीच पिले असतात. स्थान कळत नसल्यास संहितेच्या मध्यावर समाप्तीची आज्ञा घालून पाहतात आणि दोष कोणत्या अर्ध्यात आहे ते ठरवीत, निम्मे-निम्मे करीत एका फ्रेमपर्यंत पोहोचतात. चूक सुधारूनही संदेश कायम राहिला, तर मागील खेपेस तयार झालेल्या साहाय्यक फाइलींत ती चूक उतरलेली असण्याचा संभव असतो. त्या पुसून काम पुन्हा करावे लागते. व्याख्यानाच्या आदल्या रात्री हा शेवटचा प्रकार फार वेळ खातो.

देवनागरीत लिहिणारास आणखी एक पदर आड येत असे. फ्रान्स व्हेल्टहुइस यांच्या १९९१ च्या देवनागरी संचात रोमन लिप्यंतरातील मजकूर आधी एका वेगळ्या आज्ञावलीतून काढावा लागे, आणि दोषाची वर्दी तिने तयार केलेल्या फाइलीची मिळे. जॉनथन क्यू यांच्या झीटेक्‌मुळे (२००४) देवनागरी सरळ लिहिता येऊ लागली. पण निवडलेल्या टंकात देवनागरी अक्षरेच नसतील, तर एरवी काम थांबत नाही. स्लाइड तयार होते, शब्दांच्या जागी कोऱ्या जागा किंवा चौकटी दिसतात आणि त्याची नोंद संस्करणाच्या नोंदवहीत अक्षरागणिक केलेली आढळते.