पिंची लेकचा हिंगूळ

आजीबाईच्या बटव्यापासून रसशास्त्राच्या पोथ्यांपर्यंत हिंगूळ हा शब्द आपण ऐकलेला असतो. हा लालभडक दगड म्हणजे पारा आणि गंधक यांचे संयुग, पाऱ्याचे मुख्य खनिज. आपल्या ब्रिटिश कोलंबियातही त्याची मोठी खाण होती, हे मात्र व्हँकुव्हरच्या बऱ्याच मंडळींना माहीत नसते.

प्रिन्स जॉर्जहून पश्चिमेला व्हँडरहूफ गाठून उत्तरेला वळले की फोर्ट सेंट जेम्स लागते. त्याच्या वायव्येला पिंची लेक. हा डाकेल्ह लोकांचा मुलूख. १९३७ साली कॅनडाच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे जे. जी. ग्रे तिथे नकाशे काढत असताना त्यांना चुनखडकात हिंगूळ दिसला. तो एका लांबलचक भूभ्रंशाला धरून होता. त्याला आता पिंची फॉल्ट म्हणतात.

वेळ अशी की लगेच महायुद्ध पेटले. काडतुसे व स्फोटके पेटवणाऱ्या टोप्यांसाठी पारा हवा, आणि त्याचा एक मोठा पुरवठादार इटली तर शत्रुपक्षात गेलेला! पुढे कॉमिन्को नावाने ओळखल्या गेलेल्या कंपनीने १९४० मध्ये उत्पादन सुरू केले आणि ही ब्रिटिश साम्राज्यातली पाऱ्याची सर्वांत मोठी खाण ठरली.

कृती तशी सोपी. हिंगूळ भट्टीत भाजला की गंधक जळून जाते आणि पाऱ्याची वाफ होते (पारा ३५७ अंशांना उकळतो). वाफ थंड केली की पारा हाती येतो. तो ७६ पौंडांच्या लोखंडी बाटल्यांत भरत. पण ही वाफ श्वासावाटे शरीरात गेली की हात थरथरतात, हिरड्या सुजतात. भट्टीजवळ काम करणाऱ्यांना हा धोका रोजचाच.

मागणी ओसरल्यावर १९४४ मध्ये खाण बंद झाली. भाव वाढल्यावर १९६८ मध्ये पुन्हा उघडली आणि १९७५ मध्ये कायमची मिटली.

भाजून उरलेला चुरा मात्र तिथेच राहिला. युद्धकाळात तो तळ्याच्या काठाशी टाकला गेला होता. पाण्यातले जिवाणू पाऱ्याचे मिथाइल पारा करतात. तो लहान माशातून मोठ्या माशात साठत जातो, त्यामुळे सर्वांत जास्त तो लेक ट्राऊटसारख्या शिकारी माशांत सापडतो. पिढ्यान् पिढ्या या तळ्यावर जेवणाऱ्या घरांना मासे जपून खाण्याच्या सूचना मिळाल्या. कॉमिन्कोची वारसदार टेक कंपनीने २०१० नंतर इमारती पाडून जागा झाकली. तळ्याच्या गाळातला पारा मात्र असा झाकून संपत नाही.