चकतीतला ज्ञानकोश

१९९९ सालच्या दिवाळीच्या सुटीत मी पुण्यास मामांकडे गेलो होतो. मामांनी त्याच वर्षी घरी संगणक घेतला होता. बैठकीच्या खोलीच्या कोपऱ्यात, देवघरासही हेवा वाटावा अशा थाटात, त्याची स्थापना झालेली होती. वर मामीने भरतकाम केलेले आच्छादन, आणि चपला बाहेर काढल्यावाचून त्या खोलीत पाऊल टाकण्याची कोणास मुभा नव्हती. मामांनी आच्छादन दूर केले, तळहाताएवढी एक चकचकीत चकती यंत्राच्या खणात ठेवली आणि ते म्हणाले, "विचार काय विचारायचं ते. अख्खा ज्ञानकोश आहे ह्यात."

त्या चकतीचे नाव एन्कार्टा. मी 'हत्ती' म्हणालो. मामांनी इंग्रजी अक्षरे एकेका बोटाने दाबली आणि पडद्यावर हत्ती उभा राहिला. शेजारी भला मोठा मजकूर. त्यातील काही शब्द ठळक होते. त्यांवर टिचकी मारली की दुसराच लेख उघडे. हत्तीवरून आफ्रिका, आफ्रिकेवरून नाईल नदी, असे आम्ही रात्री जेवणाची पाने मांडली जाईपर्यंत हिंडलो. परंतु मजकूर सगळा इंग्रजी. मी चित्रे पाहत होतो आणि मामा सांगतील तेवढे ऐकत होतो. माझी इंग्रजी मॅट्रिकपुरती. चकतीत जग होते खरे, पण ते मला दुसऱ्याच्या तोंडून कळत होते.

त्या चकतीचा इतिहास मी पुढे पुष्कळ वर्षांनी वाचला, आणि तो मला एखाद्या कादंबरीसारखा वाटला.

ज्ञानकोश म्हटला की जगाच्या डोळ्यांसमोर ब्रिटानिका येई. १७६८ साली एडिंबरो येथे हप्त्याहप्त्याने निघू लागलेला हा ग्रंथ विसाव्या शतकात अमेरिकनांच्या हाती गेला. विक्रेते दारोदार हिंडून तो खपवीत. मुलांच्या भवितव्याची काळजी असलेले आईबाप शेकडो डॉलर मोजून, प्रसंगी हप्ते बांधून, तो घरात आणीत. १९९० साली ह्या विक्रीने कळस गाठला. पुढील पाचसहा वर्षांत ती निम्म्याहून खाली आली, आणि १९९६ साली कंपनी दुसऱ्याच्या स्वाधीन करण्यात आली. दोन शतके टिकलेल्या वाड्याचे वासे इतक्या लवकर फिरावेत ह्याचे कारण ती चकती.

चकतीवर प्रथम ज्ञानकोश आणला तो ग्रोलियर ह्या अमेरिकन प्रकाशनसंस्थेने, १९८५ साली. त्यात केवळ मजकूर होता, चित्रे नव्हती. गंमत अशी की, त्या सगळ्या मजकुराने चकतीचा लहानसा भागच भरला. अशा एका चकतीवर सुमारे ६५० मेगाबाइट, म्हणजे कित्येक कोटी अक्षरे मावतात. उरलेली जागा पुढे चित्रांनी आणि आवाजांनी भरली. १९८९ साली चित्रे व ध्वनी असलेला कॉम्प्टनचा कोश निघाला, आणि तो काढणारी कंपनी खुद्द ब्रिटानिकाच्याच मालकीची होती! म्हणजे येणारा काळ त्यांना दिसला नव्हता असे नव्हे. त्याआधीच मायक्रोसॉफ्टने त्यांच्याकडे मजकूर मागितला होता आणि त्यांनी नकार दिला होता. त्यांना दोष देणे आज सोपे आहे. परंतु ज्यांचे विक्रेते कमिशनवर जगत होते, त्यांनी तोच माल स्वस्त चकतीत घालून विकावा कसा?

मायक्रोसॉफ्टने मग फंक अँड वॅग्नल्स ह्या कोशाचा मजकूर घेतला. हा कोश अमेरिकेत किराणा दुकानांतून एकेक खंड करून विकला जाई. साखर-पिठाबरोबर घरी येणाऱ्या ह्या साध्या पुस्तकास १९९३ साली चित्रांचा व आवाजांचा साज चढला आणि त्याची एन्कार्टा झाली. आरंभी किंमत ३९५ डॉलर होती. ती लवकरच ९९ डॉलरवर आली. पुढे नव्या संगणकाबरोबर ती फुकटही मिळू लागली. मामांकडे ती तशीच आली होती.

विद्वत्तेच्या मापाने एन्कार्टा ब्रिटानिकाच्या जवळपासही नव्हती. मात्र घरातील मुलास उत्तर चटकन मिळे. चकतीतील शब्दांची सूची आधीच करून ठेवलेली असल्याने खंड चाळण्याचे कष्ट यंत्र घेई. परंतु एन्कार्टालाही आयुष्य लाभले नाही. २००१ साली विकिपीडिया सुरू झाला. तेथे पैसा लागत नव्हता आणि कोणासही लेखणी हाती घेता येत होती. २००९ साली एन्कार्टा बंद झाली; उणीपुरी सोळा वर्षे. छापील ब्रिटानिका तिच्यानंतरही तीन वर्षे तग धरून होती. २०१२ साली तिचे बत्तीस खंड पुन्हा छापणार नसल्याचे जाहीर झाले.

ह्या इतिहासातील एक गोष्ट माझ्यातील शिक्षकाच्या मनात घर करून राहिली आहे. एन्कार्टा इंग्रजीखेरीज जर्मन, फ्रेंच, इटालियन, जपानी अशा काही भाषांतही निघे. इंग्रजी आवृत्तीत टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल. इटालियन आवृत्तीत तो मान अंतोनिओ मेउच्ची ह्या इटालियन गृहस्थाचा! एकच कंपनी, एकच कोश, आणि बाप मात्र दोन. ही लबाडी होती असे म्हणता येत नाही. मेउच्चीचे काम खरेच होते. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहानेही २००२ साली ठराव करून त्याचा गौरव केला. परंतु इटालियन मुलांसाठी इटालियन संपादक बसला नसता, तर त्या मुलांना मेउच्ची कोणी सांगितला असता?

एन्कार्टा मराठीत कधीच निघाली नाही. हिंदुस्थानातील कोणत्याही भाषेत निघाली नाही. तथापि आपल्याकडे असा संपादक बसलाच नव्हता असे मात्र नाही. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात डॉक्टरेट मिळवून आलेले श्रीधर व्यंकटेश केतकर ह्यांनी नागपुरास ज्ञानकोशाची कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार मिळवले, आणि पुढे पुण्यास बिऱ्हाड हलवून महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड पुरे केले. आरंभीच्या पाच प्रस्तावनाखंडांतील पहिल्याचे नावच 'हिंदुस्थान आणि जग'. मराठी वाचकाने कोठे उभे राहून जग पाहावे, हे त्यांनी आधी ठरवले. ह्या खटाटोपाची हकिगत त्यांनी 'माझे बारा वर्षांचे काम' ह्या पुस्तकात लिहून ठेवली आहे. हे गृहस्थ कादंबरीकारही होते, ह्याचा मला उगाचच अभिमान वाटतो. पुढे वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ह्यांच्या हाताखाली मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले. त्याचा पहिला खंड १९७६ साली आला आणि विसावा २०१५ साली. तो पाहायला शास्त्रीबुवा नव्हते. १९९४ सालीच ते गेले. विश्वकोशाचे हे खंड आज महाजालावर कोणासही वाचता येतात. मराठी विकिपीडियाही २००३ सालच्या महाराष्ट्रदिनी सुरू झाला आहे.

मामा आता नाहीत. त्यांची ती चकती माझ्याकडे आली. परंतु माझ्या संगणकास चकतीचा खणच नाही. भावाने ती शेतात दोरीला टांगली आहे. वाऱ्यावर ती लकाकते आणि ज्वारीवरची पाखरे उडतात. आमच्या शाळेच्या कपाटात केतकरांचा एक खंड आहे. कडा वाळवीने खाल्लेल्या, पाने पिवळी. पण उघडला की वाचता येतो.

गेल्या महिन्यात सातवीतल्या एका मुलीने विचारले, "गुरुजी, टेलिफोनचा शोध कोणी लावला?" मी फळ्यावर बेल लिहिले, खाली मेउच्ची लिहिले, आणि दोन नावे का, ते सांगितले. तिने दोन्ही वहीत उतरवून घेतली. मग म्हणाली, "आणि आपल्या गावच्या बारवेविषयी कुठं लिहिलंय?"

कोठेच लिहिलेले नव्हते. दिवाळीनंतर शाळा उघडली की वर्गाने ती बारव मोजायची, म्हाताऱ्यांना विचारायचे आणि लिहायचे, असे आम्ही ठरवले आहे.