अस्मानी की सुलतानी?

उन्हाळा आला की इथे ब्रिटनमध्ये आपल्या मंडळींच्या घरांभोवती परांच्या उभ्या राहतात. कुणाला लॉफ्ट करून घ्यायचा असतो, कुणाला मागे खोली वाढवायची असते. समजा कौलं उतरवली, वर ताडपत्री टाकली आणि त्याच रात्री वादळाने ती उडाली. खालच्या भिजलेल्या भिंतींचे, फरशीचे पैसे कोण भरणार? तुम्ही की कंत्राटदार?

हा प्रश्न रोमन लोकांनाही पडला होता. मार्सिअस नावाच्या माणसाने फ्लॅकसचं घर बांधायला घेतलं. थोडं काम झालं आणि भूकंपाने इमारत हादरली. मासुरिअस साबिनस या कायदेपंडिताने मत दिलं की निसर्गाच्या जोरामुळे असं झालं असेल, तर नुकसान फ्लॅकसचं, म्हणजे मालकाचं. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने तयार झालेल्या ‘डायजेस्ट’ या ग्रंथात हे मत नोंदलेलं आहे. काम मुळातच सदोष असेल, तर मात्र भार करणाऱ्यावर. आपल्या भाषेत सांगायचं तर अस्मानी मालकाची, सुलतानी कंत्राटदाराची.

इंग्लंडचा कायदा याहून कडक निघाला. १६४७ साली, यादवी युद्धाच्या धामधुमीत, एक खटला उभा राहिला. प्रिन्स रूपर्टच्या सैन्याने एका कुळाला जमिनीवरून हुसकावलं होतं. जमीनच हातात नव्हती, तर खंड कशाचा द्यायचा, असं कुळाचं म्हणणं. कोर्ट म्हणालं, द्यावाच लागेल. अपवाद हवा होता तर करारातच घालून घ्यायचा. दाखला दिला तो घराचाच: दुरुस्तीची हमी दिली असेल, तर वीज पडून घर जळलं तरी ती पाळावी लागेल.

१८६७ च्या एका निकालात कंत्राटदारच पोळला. मालकाच्या जागेत यंत्रं बसवण्याचं काम चालू असताना आग लागली. दोष कुणाचाच नव्हता. पण पैसे काम पूर्ण झाल्यावर द्यायचे ठरले होते, म्हणून झालेल्या कामाचे काहीच मिळाले नाहीत.

असे धोके आधीच वाटून घ्यायचे तर करार नीट लिहायला हवा. १९३१ साली स्थापन झालेली जॉइंट कॉन्ट्रॅक्ट्स ट्रिब्युनल, म्हणजे जेसीटी, बांधकामाच्या कराराचे ठरावीक नमुने काढते. त्यांत हवामानासाठी कंत्राटदाराला मुदतवाढ मिळते, पण हवामान ‘अपवादात्मक’ वाईट असेल तरच. नोव्हेंबरातला नेहमीचा पाऊस त्यात बसत नाही! आणि मुदतवाढ म्हणजे भरपाई नव्हे, हेही लक्षात घ्या.

नूतनीकरणात तर आणखी एक गोम आहे. स्कॉटलंडमध्ये जुन्या घरांचं आधुनिकीकरण चालू असताना आग लागली. ते प्रकरण १९८६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं. करारातल्या कलमानुसार आग, वादळ, पूर यांपासून उभ्या घराला असलेला धोका मालकाच्या माथी होता. आग कंत्राटदाराच्या निष्काळजीपणाने लागली असली तरी भार मालकाचाच, असा निकाल लागला. विमा मालकाने उतरवायचा, हे त्यामागचं गृहीतक. मला हा निकाल अजूनही बोचतो, पण लेखी करारापुढे इलाज नाही.

कोकणात घर शाकारायचं ते मृगाच्या आधी, असा आपला शिरस्ता. इथे मृग नाही. पाऊस बाराही महिने.

छोटी कामं बहुधा अशा करारांशिवायच होतात. तिथे २०१५ चा ग्राहक हक्क कायदा लागू होतो: काम वाजवी काळजीने आणि कौशल्याने झालं पाहिजे. म्हणजे वादळ आलं हा कंत्राटदाराचा गुन्हा नाही. पण वादळाचा इशारा आधीच मिळालेला असताना ताडपत्री नुसती दोन विटांवर ठेवली असेल, तर त्याला जाब विचारता येतो. म्हणून ताडपत्री कशी बांधली त्याचे फोटो तारखेसकट काढून ठेवा. आणि छप्पर उघडण्याआधी आपल्या विमा कंपनीला लेखी कळवा. बांधकाम चालू असल्याचं सांगितलं नाही, तर अनेक पॉलिसींत पाण्याने झालेल्या नुकसानीचा दावा नाकारला जाऊ शकतो. कंत्राटदाराचाही विमा आहे का विचारा, आणि कागद स्वतः वाचा.