मुक्काम, पोस्ट आणि वेबपत्ता

‘मु. पो. शेलूबाजार, ता. मंगरूळपीर, जि. वाशिम’ या एका ओळीत पत्त्याची सगळी घडण सामावलेली आहे. मुक्काम म्हणजे माणूस राहतो ते ठिकाण, पोस्ट म्हणजे त्या ठिकाणचे टपाल ज्या कार्यालयात येते ते गाव, आणि त्यापुढे तालुका व जिल्हा अशी लहानाकडून मोठ्याकडे जाणारी साखळी. टपाल कचेरी गावातच असली की ‘मु. पो.’ असे जोडून लिहितात, आणि ती शेजारच्या गावी असली की मुक्काम व पोस्ट यांची नावे वेगळी होतात. नावातला ‘बाजार’ हा शब्दही पत्त्याच्या दृष्टीने उपयोगाचा आहे, कारण सेलू वर्धा जिल्ह्यात आहे, परभणी जिल्ह्यातही आहे, आणि शेलू नावाचे रेल्वे स्थानक नेरळजवळही आहे. अशा सारख्या नावांचा आणि निरनिराळ्या लिप्यांतील लेखनाचा घोळ टाळण्यासाठीच श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या योजनेनुसार १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा अंकी पिनकोड सुरू झाला. वेलणकर टपाल खात्यातील अधिकारी होते आणि संस्कृत कवीही होते.

वेबपानाचा पत्ता, ज्याला यूआरएल म्हणतात, हा याच घराण्यातला आहे. टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधनसंस्थेत १९८९ साली वेबचा प्रस्ताव मांडला, आणि डिसेंबर १९९४ मध्ये यूआरएलचे नियम एका तांत्रिक दस्तऐवजात नोंदले गेले. पत्त्याच्या आरंभी ‘एचटीटीपी’ सारखे जे अक्षरसमूह येतात ते टपाल कोणत्या रीतीने न्यायचे ते सांगतात. त्यानंतर यजमान संगणकाचे नाव येते, मग त्या संगणकावरील वाट, मग प्रश्नचिन्हामागून येणारी मागणी आणि शेवटी ‘#’ या खुणेमागे पानातील नेमकी जागा. यातील यजमानाचे नाव मराठी पत्त्याप्रमाणे लहानाकडून मोठ्याकडे जाते, म्हणजे ‘एमआर डॉट विकिपीडिया डॉट ऑर्ग’ यात आधी मराठी, मग विकिपीडिया, मग संस्थांचा मोठा वर्ग. पण तिरप्या रेघेनंतरची वाट उलट मोठ्याकडून लहानाकडे उतरते. एकाच ओळीत दोन दिशा असल्यामुळे हा पत्ता वाचणे नवख्याला अवघड जाते, आणि यात वाचणाऱ्याचा काही दोष नाही. ‘#’ ही खूण निवडण्याचे कारण बर्नर्स-ली यांनीच सांगितले आहे: अमेरिकेतील टपाली पत्त्यात इमारतीतील खोलीच्या क्रमांकाआधी ती लिहितात. पोस्टमन इमारतीपर्यंत येतो आणि खोली आतल्या माणसाने शोधायची असते. त्याचप्रमाणे ब्राउझर ‘#’ नंतरचा भाग दूरच्या संगणकाकडे पाठवतच नाही, तो स्वतःजवळ ठेवतो. या लहानशा तरतुदीतून पुढे पुष्कळ काही घडले.

हा पत्ता वाचण्याची आणि बदलण्याची सोय पानाच्या हाती आली ती १९९५ साली. त्या वर्षी मे महिन्यात ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीसाठी दहा दिवसांत एका भाषेचा पहिला नमुना रचला, आणि डिसेंबरमध्ये तिला जावास्क्रिप्ट हे नाव मिळाले. नेटस्केपच्या दुसऱ्या आवृत्तीपासूनच या भाषेत ‘लोकेशन’ नावाची वस्तू होती. तिच्याकडे मागितले की ती चालू पानाचा पूर्ण पत्ता देई, आणि यजमान, वाट, मागणी, खूण हे त्याचे तुकडेही वेगवेगळे काढून देई. तिच्यात नवा पत्ता भरला की ब्राउझर त्या पत्त्यावर निघून जाई. शेजारी ‘हिस्टरी’ नावाची दुसरी वस्तू होती, जी वाचकाने घेतलेल्या थांब्यांवरून मागेपुढे नेई. म्हणजे पत्ता वाचता येत होता, परंतु बदलणे याचा अर्थ पान सोडणे असाच होता; त्याला एकच अपवाद होता, आणि तो ‘#’ नंतरच्या भागाचा.

मराठी वाचकाच्या दृष्टीने या इतिहासातील महत्त्वाचे प्रकरण लिपीचे आहे. यूआरएलच्या नियमांत केवळ मोजकी रोमन अक्षरे, अंक आणि काही चिन्हे यांनाच थेट जागा आहे, आणि बाकी प्रत्येक अक्षराचे संगणकातील रूप बाइट नावाच्या एककांत मोडून दर बाइटपुढे टक्क्याची खूण लावून लिहावे लागते. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली रचलेल्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. शेलूबाजार हे नाव या चरकात घालून पाहावे. श, एकाराची मात्रा, ल, दीर्घ ऊकार, ब, काना, ज, काना, र अशी नऊ चिन्हे. त्यांचे सत्तावीस बाइट. आणि प्रत्येक बाइटला टक्का धरून तीन खुणा, म्हणजे एकूण एक्याऐंशी. एकट्या ‘श’चे रूप ‘%ई०%ए४%बी६’ असे होते. ब्राउझर आपल्या पट्टीत सुवाच्य देवनागरी दाखवतो, पण तोच पत्ता उचलून संदेशात चिकटवला की टक्क्यांची ही लांबलचक माळ बाहेर पडते आणि गावाचे नाव गावकऱ्यालाही ओळखू येत नाही.

जावास्क्रिप्टने आरंभी या कामासाठी ‘एस्केप’ नावाची आज्ञा दिली होती, पण ती देवनागरीचे रूपांतर आपल्या वेगळ्याच पद्धतीने करी आणि ते यूटीएफ-८च्या रूपाशी जुळत नसे. डिसेंबर १९९९ मध्ये आलेल्या भाषेच्या तिसऱ्या प्रमाणित आवृत्तीत ‘एन्कोडयूआरआयकंपोनंट’ आणि तिची उलट आज्ञा ‘डीकोडयूआरआयकंपोनंट’ या आल्या, आणि तेव्हापासून देवनागरी शब्द पत्त्यात घालणे व परत काढणे बिनचूक होऊ लागले. उलट आज्ञा मात्र फार कडक आहे. माळ मध्येच तुटली, समजा ‘श’च्या तीन बाइटांपैकी दोनच हाती आले, तर ती अंदाजाने काही वाचत नाही, चूक असल्याचे सांगून थांबते. हा कडकपणा योग्यच म्हणावा लागेल, कारण अर्ध्या अक्षरावरून गाव ओळखण्याचा प्रयत्न टपालातही चुकीच्या दारी नेतो. यजमानाच्या नावातील देवनागरीला वेगळी वाट मिळाली: त्यासाठी २००३ साली प्युनिकोड नावाची पद्धत ठरली, आणि २७ ऑगस्ट २०१४ रोजी ‘.भारत’ हे देवनागरी क्षेत्रनाम सुरू झाले, ज्यात मराठीचाही समावेश होता.

आता ‘#’च्या अपवादाकडे वळावे लागते. २००५च्या सुमारास पाने न बदलता आतला मजकूर बदलण्याची रीत बोकाळली. जेसी जेम्स गॅरेट यांनी त्याच वर्षी तिला एजॅक्स हे नाव दिले, आणि गूगल मॅप्स ही तिची सर्वांना दिसलेली खूण ठरली. यात एक खोट होती. वाचक नकाशा सरकवत दूर जाई, पण पत्ता पहिलाच राही; तो पत्ता दुसऱ्याला पाठवला तर दुसऱ्याला भलतेच ठिकाण दिसे, आणि मागे जाण्याचे बटण दाबले तर वाचक थेट पानाबाहेर पडे. पत्ता आणि मुक्काम यांची ताटातूट झाली होती. त्यावर उपाय म्हणून वेबपाने घडवणाऱ्या कारागिरांनी ‘#’ नंतरच्या जागेत वाचकाची स्थिती लिहायला सुरुवात केली, कारण तेवढाच भाग पान न सोडता बदलता येत होता. पण तो भाग दूरच्या संगणकापर्यंत जातच नसल्याने शोधयंत्रांना ती पाने दिसेनात. २००९ साली गूगलने ‘#’ पुढे उद्गारचिन्ह लावण्याची तडजोड सुचवली आणि २०१५ साली ती मागेही घेतली.

खरा उपाय वेबपाने लिहिण्याच्या एचटीएमएल या भाषेच्या पाचव्या आवृत्तीबरोबर आला आणि २०१० व २०११ मध्ये बहुतेक ब्राउझरांत रुजला. ‘हिस्टरी’ या जुन्या वस्तूला ‘पुशस्टेट’ आणि ‘रिप्लेसस्टेट’ अशा दोन आज्ञा मिळाल्या. पहिली आज्ञा पान न सोडता नवा पत्ता लिहिते आणि प्रवासाच्या वहीत नवा थांबा नोंदवते. दुसरी चालू थांब्यावरचा पत्ता खोडून त्याच जागी नवा लिहिते. हा भेद समजण्यासाठी शेलूबाजारचाच इतिहास उपयोगी पडतो. १९०५ साली इंग्रजांनी तेव्हाचा बाशीम जिल्हा मोडून त्याचा मोठा भाग अकोल्यात घातला, आणि १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशिम जिल्हा पुन्हा वेगळा झाला. त्या दिवशी शेलूबाजारचा माणूस आपल्या घरातून हललाही नव्हता, तरी त्याच्या पत्त्यातील ‘जि. अकोला’ जाऊन ‘जि. वाशिम’ आले, हे रिप्लेसस्टेट झाले. तोच माणूस पोटापाण्यासाठी पुण्याला गेला तर नवा पत्ता होतो, पण जुना मुक्काम मागे शिल्लक राहतो आणि तेथे परतता येते, हे पुशस्टेट. त्याच १९९८ साली बर्नर्स-ली यांनी एकदा दिलेला वेबपत्ता बदलू नये असे आग्रहाने लिहिले होते.

दोन्ही आज्ञांना एक बंधन आहे: रीत, यजमान आणि दार (म्हणजे यजमान संगणकाचा पोर्ट) यांना हात लावता येत नाही, पुढचाच भाग बदलता येतो. हे बंधन नसते तर कोणतेही पान आपल्या पट्टीत बँकेचे नाव लिहून वाचकाला फसवू शकले असते.

सोयाबीन आणि तुरीचे भाव दाखवणारे एक पान कल्पावे. वाचकाने पीक निवडले की पत्त्यात प्रश्नचिन्हापुढे ‘पीक=तूर&बाजार=शेलूबाजार’ असे लिहिले जाते, आणि तो पत्ता शेजाऱ्याला पाठवला तर त्यालाही तुरीचाच भाव दिसतो. ही मागणी वाचण्यासाठी पूर्वी ‘&’ आणि ‘=’ यांवर हाताने तुकडे पाडावे लागत; २०१४ पासून ब्राउझरांत येऊ लागलेल्या ‘यूआरएलसर्चपॅराम्स’ने ते काम आपल्याकडे घेतले. गावाचे नाव कोणी ‘शेलू बाजार’ असे तोडून लिहिले तर ही वस्तू मधल्या रिकाम्या जागेचे ‘+’ करते, तर एन्कोडयूआरआयकंपोनंट तिचे ‘%२०’ करते. वाचताना दोन्हींची सरमिसळ झाली की गावाच्या नावात अधिकचे चिन्ह उगवते. एक घालताना आणि दुसरे काढताना वापरणे हे त्याचे नेहमीचे कारण आहे.

ऱ्हस्वदीर्घाचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. ‘शेलूबाजार’ आणि ‘शेलुबाजार’ हे पोस्टमनला सारखेच, पण टक्क्यांच्या माळेत दीर्घ ऊकाराच्या जागी ‘८२’ आणि ऱ्हस्वाच्या जागी ‘८१’ येते, आणि संगणकासाठी तेवढ्याने गाव बदलते. ‘दऱ्या’ या शब्दातील अर्धा र तर दोन निराळ्या चिन्हमालिकांनी लिहिता येतो आणि डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियात अशा पर्यायी लेखनांसाठी पुनर्निर्देशनाची पाने असतात: वाचक एका लेखनाने आला तरी दुसऱ्या लेखनाखालचा लेख त्याच्यापुढे येतो. विकिपीडिया ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतो तिच्यात जावास्क्रिप्टचा एक छोटा भाग अशा वेळी पट्टीतील पत्ता जुळवून घेण्यासाठी ठेवलेला आहे. वाचक पुनर्निर्देशनातून आला असेल तर तो भाग रिप्लेसस्टेट वापरून पट्टीतील पर्यायी लेखनाच्या जागी लेखाचे मुख्य लेखन बसवतो. पान पुन्हा उतरवून घ्यावे लागत नाही, आणि त्यानंतर वाचक जो पत्ता उचलून पुढे पाठवतो तो मुख्य लेखनाचा असतो.