जुन्या गाडीची गळती आणि तिचा हिशेब

ठाण्यातल्या बाळकुमच्या सोसायटीत पार्किंगच्या फरशीवर काळा डाग दिसला की गाडीमालकाच्या हाती दोन कागद पडतात: सोसायटीची नोटीस आणि गॅरेजचं एस्टिमेट. डागाच्या आकारावरून मालक घाबरतो. प्रत्यक्षात पाहायचं ते एवढंच, की थेंब कशाचा आहे आणि त्याच्या उगमापर्यंत पोचायला काय काय उतरवावं लागेल.

द्रव ओळखायला गाडीखाली रात्रभर पुठ्ठा ठेवावा. एसी लावून आल्यावर पडलेलं स्वच्छ पाणी हा निचरा आहे, दोष नव्हे. तपकिरी-काळं ते इंजिन ऑइल. हिरवं किंवा गुलाबी, गोडसर वासाचं बहुधा कूलंट. चाकाच्या आतल्या बाजूला फिकट, बुळबुळीत ओघळ असेल तर तो ब्रेक ऑइलचा समजावा आणि गाडी हलवू नये. पेट्रोलच्या वासालाही हाच नियम.

कूलंट आणि ऑइल यांत कूलंटची गळती जास्त घातक. रेडिएटरचं झाकण आतला दाब धरून ठेवतं. वातावरणापेक्षा सुमारे 1 बार जास्त दाब असला की पाणी 100 ऐवजी 120 अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाचं रबर कडक झालं की दाब टिकत नाही. म्हणूनच नाशिक हायवेवर शांत धावणारी गाडी कापूरबावडीच्या कोंडीत उकळते. तिथे वारा नसतो, सगळी भिस्त पंख्यावर असते. तसंच दामटलं तर ॲल्युमिनियमचं हेड वाकतं, हेड गॅस्केट जातं आणि इंजिन खोलावं लागतं. एवढा मोठा खर्च अनेकदा एखादं झाकण किंवा होज पाइप बदलण्याच्या आळसातून उभा राहतो.

ऑइलची गळती सावकाश चालते. उष्णतेने सील कडक होतात, हे सर्वांना माहीत असतं. दुसरं कारण मात्र हमखास सुटतं: ब्रीदर. पिस्टनच्या कडेने निसटलेला वायू बाहेर काढणारा मार्ग काजळीने तुंबला की आत दाब साठतो आणि ऑइल सर्वांत कमजोर सीलमधून वाट काढतं. मेस्त्री टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदलतो, तीन महिन्यांत गळती दुसरीकडून सुरू होते आणि दोष 'लोकल माला'च्या माथी मारला जातो.

आता गळतीच्या उगमापर्यंत पोचण्याचा खर्च. टॅपेट कव्हर वरच असतं. क्रँकच्या मागच्या ऑइल सीलसाठी मात्र गिअरबॉक्स उतरवावा लागतो. सील स्वस्त, मजुरी महाग. तिथे नुसता ओलावा असेल तर डिपस्टिक पाहत ऑइल भरत राहावं आणि क्लच प्लेट बदलायची वेळ आली की एकाच मजुरीत दोन्ही कामं उरकावीत. क्लच घसरू लागला तर मात्र थांबू नये.

पावसाळ्यातली गळती उलट्या दिशेची. काचेखालच्या जाळीत झाडांची पानं कुजतात, निचऱ्याची भोकं बुजतात, पाणी गालिच्याखाली शिरतं आणि पत्रा खालून सडतो. मे महिन्यात ती जाळी साफ करायला पैसे लागत नाहीत.

'चाळीस हजारांच्या गाडीवर वीस हजार कशाला?' ही तुलनाच चुकीची. विम्याच्या घसारा-सूत्रानुसार पाच वर्षांच्या टोकाला गाडीची किंमत 50 टक्के घटते. आठ लाखांच्या नव्या गाडीवर ते वर्षाला सरासरी 80 हजार होतात, तेही बिल न येता. जुन्या गाडीचं वार्षिक दुरुस्तीबिल या आकड्याशी ताडावं.

खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. पुढे फिटनेस तपासणी होऊन ती पाच वर्षांनी वाढते. एप्रिल 2022 पासून मोटारीच्या या नूतनीकरणाचं शुल्क 600 वरून 5,000 रुपये झालं, शिवाय पर्यावरण कर वेगळा. म्हणून चौदाव्या वर्षी इंजिन खोलण्याआधी नूतनीकरण करायचं की नाही, हे ठरवून टाकावं. आणि जॅक लावताच तळाचा पत्रा आत दबला, तर दुरुस्तीचा हा हिशेब मांडूच नये.