गुजरीतले सोने

सीमाभागात राहणाऱ्या माणसाला एकच शब्द दोन भाषांत दोन वाटांनी जाताना रोज भेटतो. 'गुजरी' हा शब्द घ्या. कोल्हापुरात गुजरी विचारली तर माणूस आपल्याला सराफांच्या पेढ्यांसमोर नेऊन उभा करतो. कन्नड बोलणाऱ्याला तीच गुजरी विचारली तर तो भंगाराचे दुकान दाखवतो. एकीकडे माल तोळ्यावर, दुसरीकडे किलोवर! हा फरक मला शब्दकोशाने शिकवला नाही. माझ्याच हातून घडलेल्या एका चुकीने शिकवला.

मुख्याध्यापकपदाची सूत्रे हाती घेतली त्या वर्षी मी शाळेमागच्या शेडची साफसफाई काढली. मोडक्या बाकांच्या आड एका जुन्या जीपचे इंजिन, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंग पडलेले होते. कुणा पालकाने कधीकाळी दिलेले. क्राफ्टचे मास्तर तेव्हा निवृत्तीला आले होते. ते म्हणाले, "सर, हे वजनावर घालू नका. पोरांच्या हाताला उपयोगी पडेल." मी म्हणालो, "मास्तर, तपासणी तोंडावर आलीय. जागा मोकळी व्हायला हवी." दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला, काटा लागला, पावती फायलीत गेली. मास्तर काही बोलले नाहीत. त्या दुपारी मात्र त्यांनी जेवणाचा डबा उघडला नाही, हे मी पाहिले.

पुढे काही वर्षांनी इंग्लंडमधल्या एका शिक्षकाच्या पुस्तकाची हकिकत माझ्या वाचनात आली आणि मास्तर आठवले. नॉर्थॅम्प्टनशर परगण्यातल्या आउंडल येथील शाळेतले हे शिक्षक म्हणजे रॉन चॅम्पियन. अडीचशे पौंडांत रस्त्यावर चालणारी स्पोर्ट्स कार घरी बांधता येणार नाही, असे त्यांना कुणी डिवचले आणि त्यांनी ती बांधून दाखवली. १९९६ साली त्यांचे पुस्तक निघाले आणि त्यातली गाडी 'लोकॉस्ट' नावाने घरोघरच्या गॅरेजांत उभी राहू लागली. एवढ्या थोड्या पैशांत गाडी होते कशी? उत्तर एका शब्दात आहे : डोनर.

आपण रक्तदाता, नेत्रदाता म्हणतो, तशीच ही दाता-गाडी. पत्रा कुजला, बॉडी गेली, पण इंजिन, गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल, ब्रेक आणि स्टिअरिंग शाबूत आहे, अशी मोडीत निघालेली गाडी घ्यायची आणि तिचे अवयव नव्या सांगाड्यावर चढवायचे. घरी बांधलेल्या गाडीचा इतिहास लिहिणारे बहुधा नव्या गाडीचे फोटो छापतात. माझ्या मते तो इतिहास खरा आहे तो दाता-गाडीचा.

याची सुरुवात १९२२ साली झाली. हर्बर्ट ऑस्टिन यांनी स्टॅन्ली एज या अठरा वर्षांच्या पोरसवदा ड्राफ्ट्समनला हाताशी धरून 'ऑस्टिन सेव्हन' ही चिमुकली गाडी आखली. १९३९ पर्यंत तिच्या सुमारे २ लाख ९० हजार गाड्या निघाल्या. बॉडी उतरवली की खाली इंग्रजी 'ए' अक्षराच्या आकाराची साधी चासी आणि ७४७ सीसीचे इंजिन. जी गाडी लाखांनी विकली जाते, ती पुढे हजारांनी मोडीतही निघते. ती जुनी झाली तशी हौशी मंडळींनी तिच्यावर आपापल्या बॉड्या चढवल्या. अशांचा '७५० मोटर क्लब' १९३९ साली स्थापन झाला. त्याचे नावच या इंजिनावरून पडले आहे.

कॉलिन चॅपमन हा लंडनमधला अभियांत्रिकीचा विद्यार्थी शिकता शिकता जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करी. १९४७ च्या अखेरीस सरकारने सर्वसामान्यांचे पेट्रोलचे रेशन बंद केले आणि जुन्या गाड्यांचा बाजार बसला. चॅपमनच्या गळ्यात एक ऑस्टिन सेव्हन राहिली. गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा त्याने ती सोडवली आणि तिच्या चासीवर प्लायवूड व ॲल्युमिनियमची नवी बॉडी बसवली. हीच पहिली लोटस. पुढे जगाच्या शर्यतींत गाजलेले नाव न खपलेल्या एका जुन्या गाडीतून निघाले.

१९५७ साली चॅपमनने 'लोटस सेव्हन' बाजारात आणली. त्या काळी ब्रिटनमध्ये नव्या मोटारीवर साठ टक्के खरेदी-कर होता. मात्र सुट्या भागांचा संच घेऊन गाडी घरी जोडली तर तो वाचे. अट अशी, की संचाबरोबर जोडणीची माहिती द्यायची नाही. मग गाडी सुटी कशी करावी याची पत्रिका दिली जाई आणि गिऱ्हाईक ती शेवटाकडून वाची, अशी गोष्ट तिकडे अजून सांगतात. एप्रिल १९७३ मध्ये खरेदी-कर जाऊन व्हॅट आला आणि ही सवलत संपली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. ती कंपनी आजही तिचीच रूपे बनवते.

कराची सवलत गेली तरी घरची बांधणी थांबली नाही. कारण १९६० साली ब्रिटनमध्ये जुन्या गाड्यांची सक्तीची वार्षिक तपासणी सुरू झाली होती. सुरुवातीला ती दहा वर्षांवरच्या गाड्यांना होती. १९६७ पासून तीन वर्षांवरच्या गाड्यांनाही लागू झाली. तिकडे हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. त्या मिठाने पत्रा सडतो. पत्रा सडला की गाडी नापास आणि तिची किंमत मातीमोल. पण इंजिन-गिअरबॉक्सला मीठ खात नाही. अशा धडधाकट काळजाच्या नापास गाड्या अंगणोअंगणी उभ्या राहिल्या. नापास ठरलेल्यात काय शिल्लक आहे हे ज्याला दिसले, त्याला डोनर मिळाला. शिक्षक म्हणून हे वाक्य लिहिताना माझा हात थबकला, हे कबूल करतो.

चॅम्पियन यांनी निवडलेली डोनर होती फोर्ड एस्कॉर्ट, १९६८ ते १९८० या काळातली. इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना, म्हणून या बांधणीला सोयीची. पण तिचे सगळेच चालत नाही. एस्कॉर्टच्या पुढच्या चाकांवरचे उंच स्ट्रट या बुटक्या गाडीत बसत नाहीत. तिथे फोर्ड कॉर्टिनाचे भाग घ्यावे लागतात. प्रॉपेलर शाफ्ट आखूड करून पुन्हा समतोल करून घ्यावा लागतो. एस्कॉर्टच्या दोन पिढ्यांच्या ॲक्सलची रुंदीही सारखी नाही. ती न मोजता आणलेला ॲक्सल पुन्हा गुजरीतच जातो.

जाणते लोक म्हणून सांगतात, की सुटे भाग दहा ठिकाणांहून गोळा करण्यापेक्षा शक्य तर चालू स्थितीतली अख्खी गाडी घ्यावी. आधी ती चालवून पाहावी, गिअर ऐकावेत, कागदपत्रे तपासावीत, मग सोडवावी. प्रत्येक बोल्ट चिठ्ठी लावून ठेवावा. उरलेला माल विकून निम्मे पैसे परत येतात कधीकधी. ब्रेकच्या रबरी नळ्या आणि सील मात्र जुने वापरू नयेत. काटकसर कुठे थांबवावी हेही या विद्येत शिकावेच लागते.

१९८० साली एस्कॉर्टची नवी पिढी आली तीच पुढच्या चाकांवर चालणारी. जुन्या एस्कॉर्ट कमी होत गेल्या. रॅलीत गाजलेली गाडी म्हणून शौकिनांनी त्या जपायला सुरुवात केली आणि भाव चढले. जी गाडी मोडून दुसरी बांधायची, ती बांधलेल्या गाडीपेक्षा महाग झाली! मग लोक फोर्ड सिएराकडे वळले, पुढे जपानच्या माझदा एमएक्स-५ कडे. कायद्यानेही हात घातला. १९९८ पासून अशा प्रत्येक गाडीची एकेक करून तपासणी होऊ लागली. २००९ पासून तिचे नियम आणखी कडक झाले. पण तिथे कायद्याने दरवाजा बंद केला नाही. दरवाजावर परीक्षक बसवला.

आपल्याकडे काय? २०२१ च्या डिसेंबरात सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका लोहारकाम करणाऱ्या कारागिराची गाडी देशभर गाजली. देवराष्ट्रे म्हणजे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. मुलाच्या हौसेखातर त्याने भंगारातल्या भागांतून सुमारे साठ हजार रुपयांत, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी छोटी जीप बांधली. उद्योगपती आनंद महिंद्र यांनी तिचे कौतुक केले. पण ही गाडी नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या अडवली जाईल, असे सांगून तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती दिलीही. कारागिराचा सन्मान झाला याचा आनंद आहे. पण मनात येते, की त्याची गाडी तपासून 'हा ब्रेक बदल, हा जोड पक्का कर, मग चालव' असे सांगणारे कुणी असते तर?

आउंडलच्या त्याच शाळेत १८९२ ते १९२२ पर्यंत सँडरसन नावाचे मुख्याध्यापक होते. त्यांनी शाळेत कार्यशाळा उभारल्या आणि मुलांनी हाताने, मिळून काम करावे यावर आयुष्य वेचले. लेखक एच. जी. वेल्स यांनी १९२४ साली त्यांचे चरित्र लिहिले. सँडरसन वारले ते १९२२ सालीच, ऑस्टिन सेव्हन आली त्याच वर्षी. त्यांच्या शाळेतल्या शिक्षकाने पुढे चौऱ्याहत्तर वर्षांनी ते पुस्तक लिहावे, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. शेड रिकामे करणारा मुख्याध्यापक तिथे नव्हता, एवढेच म्हणतो.

यंदा दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत शेडमध्ये एका पालकाने दिलेली बंद पडलेली स्कूटर निघाली. शिपायाने विचारले, "सर, गुजरीवाल्याला बोलावू का?" मी नको म्हणालो. निवृत्त मास्तरांच्या घरी निरोप धाडला आहे. सुट्टीनंतर पहिल्या शनिवारी ते येणार आहेत. नववीची आठ मुले आणि तीन मुली यांनी नावे दिली आहेत. त्यातली पाच सहामाहीत गणितात नापास आहेत.