मुलाचा ताबा : पित्याच्या हक्कापासून मुलाच्या हितापर्यंत

आई-वडील विभक्त झाल्यावर मूल कोणाकडे राहील, हे आज कुटुंब न्यायालय ‘मुलाचे हित’ पाहून ठरवते. ही कसोटी आपल्याला स्वाभाविक वाटते. परंतु ती सर्वोच्च ठरण्यास मोठा काळ लागला. हा बदल कसा घडला, ते आपण येथे पाहू.

प्रथम दोन संज्ञांतील फरक लक्षात घ्या. ‘पालकत्व’ म्हणजे मुलाच्या वतीने कायदेशीर निर्णय घेण्याचा अधिकार. ‘ताबा’ म्हणजे मुलाचा रोजचा सांभाळ. या दोन गोष्टी एकाच व्यक्तीकडे असतीलच असे नाही.

१. वसाहतकालीन कायदा

‘पालक व पाल्य अधिनियम, १८९०’ आजही लागू आहे. त्याच्या कलम १७ नुसार पालक नेमताना न्यायालयाने मुलाचे वय, लिंग, धर्म आणि नियोजित पालकाचे चारित्र्य व क्षमता विचारात घ्यावी. मूल समजत्या वयाचे असेल तर त्याची पसंतीही विचारात घेता येते. मात्र कलम १९ नुसार, पिता हयात असून अपात्र नसेल तर न्यायालय दुसरा पालक नेमू शकत नव्हते. म्हणजे एकाच कायद्यात मुलाचे हित आणि पित्याचा अग्रहक्क शेजारी शेजारी होते.

२. मद्रासचा खटला

हा पेच एका गाजलेल्या खटल्यात दिसतो. नारायणय्या यांनी १९१० मध्ये आपले मुलगे जे. कृष्णमूर्ती व नित्यानंद यांचे पालकत्व ॲनी बेझंट यांच्याकडे सोपवले. पुढे त्यांचे मन बदलले आणि १९१२ मध्ये त्यांनी दावा लावला. मद्रास उच्च न्यायालयात निकाल पित्याच्या बाजूने लागला. १९१४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवला. पित्याने दिलेली संमती त्याला मागे घेता येते, हे तत्त्व कौन्सिलने मान्य केले. पण मुले तेव्हा इंग्लंडमध्ये राहत होती, दावा लावलेल्या चिंगलपुट जिल्ह्यात नव्हे. शिवाय त्यांची बाजू व इच्छा न्यायालयासमोर आलीच नव्हती. ज्यांच्याविषयी वाद चालला होता, त्यांनाच कोणी विचारले नव्हते, हे येथे ध्यानात घ्यावे.

३. स्वातंत्र्यानंतर

‘हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६’ च्या कलम ६ ने ‘पिता आणि त्याच्यानंतर माता’ असा क्रम ठेवला. मात्र पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः मातेकडे असावा, असेही म्हटले. कलम १३ ने मुलाचे हित सर्वोपरी ठरवले. १९७३ मध्ये रोझी जेकब खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की मुले ही आई-वडिलांची मालमत्ता किंवा खेळणी नव्हेत. ताब्याचा आदेश अखेरचा नसतो, मुलाची गरज बदलली तर तो बदलता येतो, हेही याच निकालात आले.

१९९९ चा गीता हरिहरन खटला पालकत्वाविषयी होता. लेखिका असलेल्या या आईने मुलाच्या नावे रोखे घेण्यासाठी पालक म्हणून केलेला अर्ज रिझर्व्ह बँकेने स्वीकारला नव्हता. ‘त्याच्यानंतर’ म्हणजे केवळ ‘पित्याच्या मृत्यूनंतर’ नव्हे, तर ‘त्याच्या अनुपस्थितीत’, असा अर्थ न्यायालयाने लावला. पिता हयात असूनही मुलाकडे लक्ष देत नसेल, तर माता नैसर्गिक पालक ठरू शकते. कायद्याचा शब्द तोच राहिला, अर्थ बदलला. कलम १९ मध्ये पित्याच्या जोडीला मातेचा उल्लेख येण्यास मात्र २०१० ची दुरुस्ती लागली.

४. कुटुंब न्यायालय आणि भेटीचा वेळ

‘कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४’ ने ताबा व भेट यांसंबंधीचे वाद स्वतंत्र न्यायालयांकडे दिले. तेथे प्रथम समेटाचा प्रयत्न होतो आणि समुपदेशकांची मदत घेतली जाते. जाणत्या मुलाशी न्यायाधीश अनेकदा आपल्या दालनात बोलतात. ज्याच्याकडे ताबा नाही, त्याला आठवड्याची भेट किंवा सुट्ट्यांतील काही दिवस मिळतात. २०२० च्या यशिता साहू निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पालकांचे प्रेम हा मुलाचा हक्क मानला आणि प्रत्यक्ष भेट शक्य नसेल तर व्हिडिओ कॉलवरून संपर्क राखण्यावर भर दिला. म्हणजे भेटीचा वेळ पालकाच्या मागणीपुरता उरला नाही; तो मुलाची गरज म्हणून पाहिला जाऊ लागला.

५. समारोप

विधी आयोगाने २०१५ च्या आपल्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची तरतूद सुचवली. १९५६ च्या कायद्यातील पिता-मातेचा क्रम मात्र शब्दशः कायम आहे. ‘मूल कोणाचे?’ या प्रश्नाची जागा ‘मुलासाठी काय हिताचे?’ या प्रश्नाने घेतली, हा या इतिहासाचा गाभा होय. पण ‘हित’ म्हणजे काय, हे प्रत्येक खटल्यात नव्याने ठरवावे लागते. म्हणूनच मुलाचे म्हणणे कितपत ऐकले जाते, याला इतके महत्त्व आहे.

विचार करा

१. १८९० च्या कायद्यातील कलम १७ व कलम १९ यांत कोणता अंतर्विरोध होता?
२. न्यायालयाने कायद्याचा अर्थ बदलणे आणि संसदेने कायदा बदलणे, यांत कोणता फरक पडतो? गीता हरिहरन खटल्याच्या आधारे लिहा.